रिपोर्टमध्ये हायड्रोजन शून्य? आधी कॅरियर गॅस कोणता ते विचारा

उजेडाच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या कृत्रिम प्रथिनाबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि सोलापुरातलं माझं पीएचडीचं दुसरं वर्ष आठवलं. तुम्ही लिहिता: मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनामधलं हीम (लोह असलेला भाग) काढून तिथे कोबाल्ट पॉर्फिरिन (तसाच, पण कोबाल्टवाला रेणू) बसवलं, प्रकाश शोषणारं रुथेनियम बायपिरिडिन आणि इलेक्ट्रॉन पुरवणारं अ‍ॅस्कॉर्बेट घालून बाटली निळ्या एलईडीखाली ठेवली, बुडबुडे दिसतात, पण जीसीचा (गॅस क्रोमॅटोग्राफ, वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) रिपोर्ट कोरा. माझंही हेच झालं होतं. लगेच प्रथिन बदलायला जाऊ नका.

आमच्याकडे जीसी नव्हता. नमुने रात्रीच्या एसटीने बाहेरगावच्या एका तपासणी केंद्रात जायचे. दर वेळी पैसे भरायचे, दर वेळी 'नॉट डिटेक्टेड'. पाच महिने गेले. पीएच बदलून पाहिला, प्रथिन तीनदा नव्याने तयार केलं, गाईडची बोलणी खाल्ली. शेवटी कळलं, तिथे कॅरियर गॅस (नमुना यंत्रातून वाहून नेणारा वायू) हीलियम! त्यांचा टीसीडी डिटेक्टर कॅरियर आणि नमुन्यातला वायू यांच्या उष्णतावाहकतेतला फरक पकडतो. हायड्रोजनची वाहकता 0.18 (वॅट प्रति मीटर प्रति केल्विन), हीलियमची 0.15, मग थोड्याशा हायड्रोजनचा पीक दिसणार कुठून? आर्गॉनची 0.018, म्हणजे दहापट कमी. आर्गॉनवर तोच नमुना बोलायला लागतो. (एफआयडी, म्हणजे ज्योतीवर चालणारा डिटेक्टर, असेल तर विषयच संपला, त्याला हायड्रोजन दिसतच नाही.) मी तीनदा फोन केला, "आमची मेथड स्टँडर्ड आहे" एवढंच उत्तर. पैसे घेता, मग कॅलिब्रेशन कशाने केलं हे सांगायला काय जातं? अजून संताप होतो. चूक माझीही होती. मोजून हायड्रोजन भरलेली एक बाटली सोबत पाठवली असती, तर पहिल्याच खेपेला उलगडा झाला असता.

बुडबुड्यांवर मात्र विसंबू नका. 10 नॅनोमोल प्रथिनाच्या प्रत्येक रेणूने 100 फेऱ्या केल्या (एका फेरीत हायड्रोजनचा एक रेणू) तरी वायू जेमतेम 25 मायक्रोलिटर. दिसतो तो बहुधा हवा काढायला तुम्ही सोडलेला नायट्रोजन, द्रावण तापलं की बाहेर पडणारा. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशी गाठते, बाटली पाण्याच्या भांड्यात ठेवा. आणि सुई टोचलेलं सेप्टम (बाटलीचं रबरी बूच) प्रवासात गळतं, टोचलेली बाटली पाठवू नका.

प्रथिनाशिवाय नुसत्या कोबाल्ट पॉर्फिरिनची बाटली लावलीच पाहिजे, नाहीतर श्रेय प्रथिनाचं की सुट्या कोबाल्टचं हे कुणी मानणार नाही. मी फक्त कोबाल्ट-मायोग्लोबिनवर काम केलंय. निकेल-रुब्रेडॉक्सिन (निकेल बसवलेलं दुसरं एक प्रथिन) वापरणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर कॅरियर आणि डिटेक्टर लिहिलंय का, तेवढं पाहून इथे टाका.