मोहल्ला समिती नव्याने काढताय?

मोहल्ला समिती म्हणजे दंगल टाळायला वस्तीतल्या सगळ्या धर्मांच्या लोकांची, पोलिसांसोबत काम करणारी समिती. ती निवडणुकीच्या तोंडावर काढू नका, लोकांना लगेच संशय येतो. शांत दिवसांत, नळ-गटाराच्या कामापासून सुरुवात करा. भिवंडीत 1984 ला दंगल झाली होती. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडेंनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या आणि 1992-93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

पुढारी शक्यतो टाळाच, नाहीतर बैठक पक्षाची होते. रिक्षावाले, दूधवाले, अंगणवाडी सेविका घ्या. गल्लीत काय शिजतंय ते यांना आधी कळतं. बायका हव्यात, आणि नुसत्या सहीपुरत्या नव्हे. फोन नंबर कागदावर लिहून वाटा, कारण इंटरनेट बंद झालं की व्हॉट्सॲप गट निकामी. अफवा आली की विचारा: स्वतः कोणी पाहिलं, कुठे, किती वाजता? उत्तर ‘म्हणे’ असेल तर पुढे पाठवू नका, त्या जागेजवळच्या सदस्याला फोन लावा. हाणामारीत मध्ये पडू नका, 112 फिरवा.