चार शाकाहारी आणि सहा मांसाहारी पाहुण्यांचं जेवण आदल्या दिवशीच करून ठेवायचंय. बेत कसा आखू?

मसाला एकच करा, पातेली दोन. कांदा-टोमॅटोचं वाटण तेल सुटेपर्यंत परता आणि मांस पडायच्या आधीच निम्मं वेगळं काढा. एकात बिनहाडाचं चिकन, माणशी 150 ग्रॅम. दुसऱ्यात शिजवलेले छोले. छोले मात्र चार नव्हे, दहाजणांना पुरतील इतके करा. मांसाहारी मंडळीही ते वाढून घेतातच, आणि मग ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांचंच पातेलं आधी रिकामं होतं.

चिकनचे मांडीचे तुकडे घ्या. छातीचे दुसऱ्यांदा तापवल्यावर कोरडे पडतात. शिजल्यावर खोल पातेल्यात ठेवू नका, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथेच बिघडतं. पसरट डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, शाकाहारी डबे वरच्या कप्प्यात. रात्रीत रस्सा आळतो. गरम पाणी घालून खळखळून उकळी आणा, मीठ त्यानंतरच चाखा. भात त्याच दिवशी लावा, वीस मिनिटांचं तर काम! काकडी चिरून ठेवलीत तरी मीठ वाढतानाच घाला, नाहीतर पाणी सुटतं. आणि डाव दोन हवेत, पातेलीही टेबलावर जरा लांब-लांब. गप्पांच्या नादात डाव हमखास बदलतात.