तासणे: छिलणे नव्हे, आणि कन्नडही नव्हे

खानापूरचे एक वाचक घराच्या सोप्यासाठी सागवानी खांब स्वतःच्या हातांनी घडवतायत. त्यांचा प्रश्न: ‘खांब छिलला’ म्हणायचं की ‘तासला’? आणि ‘तासणे’ मूळचं कन्नड, असं त्यांच्या गावचे एक जाणकार सांगतात, ते खरं का?

तासला! ‘छिलला’ हिंदीतून आलंय. बेळगावात रोज ऐकतो आणि रोज खुपतं. साल काढतात ते सोलणं. वाकसाने ढलप्या उडवत लाकडाला आकार देतात ते तासणं. त्यावर रंधा फिरवतात ते निराळं काम, आणि रंधा हा शब्द फारसी.

जाणकारांचं म्हणणं साफ चूक. या कामाला कन्नडात ‘केत्तु’ आहे. ‘तासणे’ आलं संस्कृत ‘तक्ष्’पासून. ‘क्ष’चा मराठीत पुष्कळदा स किंवा श होतो, हिंदीत ख: कूस आणि कोख, माशी आणि मक्खी, शेत आणि खेत. त्याच वाटेने तक्षचं तास झालं. सीमेवर राहतो म्हणून दिसेल तो शब्द कन्नडच्या पदरात टाकायचा, ही खोड सोडा. उलट बडिगेर आडनावातला अस्सल कन्नड वाटणारा ‘बडगी’, म्हणजे सुतार, हाच संस्कृत ‘वर्धकी’चा!

आणि खरी गंमत पुढे आहे. तक्षन् म्हणजे सुतार. पाणिनीच्या एका सूत्रात (५.४.९५) दोन प्रकारचे सुतार भेटतात: ग्रामतक्ष आणि कौटतक्ष. पहिला साऱ्या गावाचा, आपल्या बलुतेदारासारखा. दुसरा कोणाला न बांधलेला, आपल्या कुटीत स्वतंत्र काम करणारा. घरच्या पडवीत खांब तासणाऱ्या माणसासाठी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या व्याकरणात शब्द तयार आहे, याचा मला मनापासून आनंद होतो.

नांगराचं ‘तास’, म्हणजे नांगरताना जमिनीत पडणारी सरी, तेही याच घरातलं, असं माझं ठाम मत आहे. नांगर जमीन कापत जातो, वाकस लाकूड. यावर माझ्याशी वाद घालणाऱ्यांनी सहा इंची चौरस खांब एकदा अठपैलू करून पाहावा. प्रत्येक बाजूवर दोन्ही कडांपासून पावणेदोन इंचांवर सुताने रेघ उमटवायची, आणि रेघेपर्यंत कोपरे उतरवत न्यायचे. पहिला कोपरा उतरला की खांबावर वरपासून खालपर्यंत जो सरळ पट्टा उघडा पडतो, तो बघा आणि मग नांगरलेल्या शेताच्या बांधावर उभे राहा.