पाळी जाऊन दहा वर्षं झाली, मग हार्मोन कमी करायची गोळी कशाला? सांधे फार दुखतात, बंद केली तर चालेल का?

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला झोपू देत नसणार. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि दुखणं मुकाट्याने सोसतही बसू नका. या दोन गोष्टी एकाच वेळी जमतात हे मला फार उशिरा कळलं, म्हणून एवढं लांब लिहिते आहे.

तुम्ही लिहिलंय की वय ६१, स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, रेडिएशन झालं, रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनवर वाढणारा कॅन्सर) आलं आणि लेट्रोझोल ही हार्मोन कमी करायची गोळी पाच वर्षं घ्यायला सांगितली आहे. पाच महिन्यांतच सकाळी मूठ वळेनाशी झाली. मी याच वाटेने गेले आहे. ५७ व्या वर्षी माझी गाठ निघाली आणि लेट्रोझोलचा पहिला डबा घरी आला. मी डॉक्टर नाही. पाच वर्षं या गोळ्या घेतल्या, वाचलं, विचारलं, तेवढंच सांगते.

आधी हार्मोनचं. पाळी जाते तेव्हा अंडाशयाचं इस्ट्रोजेन बनवणं थांबतं, शरीराचं थांबत नाही. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी पुरुषी गटातली हार्मोन्स बनवत राहतात. चरबी, स्नायू, कातडी, अगदी स्तनातल्या पेशीसुद्धा अरोमाटेज नावाच्या एन्झाइमच्या मदतीने त्यांचं इस्ट्रोजेन करतात. मोठा झरा आटला तरी पाझर चालूच असतो, आणि ईआर पॉझिटिव्ह पेशीला तेवढा पाझरही पुरतो. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्सेमेस्टेन या तिन्ही गोळ्या ते एन्झाइमच बंद पाडतात. याच आजारावरच्या टॅमॉक्सिफेन या दुसऱ्या गोळीचं काम वेगळं. ती इस्ट्रोजेन कमी करत नाही, पेशीवर त्याने जिथे येऊन बसायचं ती जागा अडवते.

इथे एक गोष्ट थोडं बाजूला जाऊन सांगते, कारण हे दुसरी कुणी वाचत असेल. केमोमुळे पंचेचाळिशीत पाळी थांबली, तर ती गेलीच असं धरू नये. अंडाशय जागं असताना एकटी लेट्रोझोल दिली तर ते उलट जास्त जोमाने कामाला लागतं. मूल होत नसलेल्या बायकांना बीज पिकवण्यासाठी हीच गोळी देतात, ती याच कारणाने. अशा वेळी रक्तातलं हार्मोन तपासून बघतात, गरज पडल्यास अंडाशय झोपवणारं इंजेक्शन सोबत देतात. आणि या गोळ्या चालू असताना योनीतून पुन्हा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी कळवायचं. ताई, हे तुम्हालाही लागू आहे.

या गोळ्यांमागे अँजेला ब्रॉडी नावाच्या शास्त्रज्ञ बाईंचं आयुष्यभराचं काम आहे. पाझरच बंद करता येईल हे त्या १९७० च्या दशकापासून प्रयोगशाळेत दाखवत होत्या. त्या २०१७ मध्ये गेल्या. सकाळी गोळी हातात घेताना मला त्यांची आठवण यायची, आणि त्याने खरंच बळ यायचं.

आता फायदा किती, हे आकड्यांत बघा, कारण दुखणं रोज दिसतं आणि फायदा कधीच दिसत नाही. नुसती टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घेतली तरी या आजाराने मरण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. पाळी गेलेल्या तीस हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये तुलना प्रसिद्ध झाली. त्यात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्या १०० पैकी साधारण १४ जणी दहा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने गेल्या, तर पाच वर्षं तुमच्यासारखी गोळी घेतलेल्या १०० पैकी १२. दोनचा फरक लहान वाटतो, पण तो टॅमॉक्सिफेनच्या फायद्याच्या वरचा आहे. तुमचा स्वतःचा आकडा गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) यांवर ठरेल. तो डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मला माझा कळला तेव्हा गोळीकडे बघण्याची नजर बदलली.

आणि आता जे लिहायला मला जड जातंय ते. आठव्या महिन्यात मी गोळी बंद केली होती. कुणालाही सांगितलं नाही. रोज पाकिटातून एक गोळी काढून टाकून द्यायची, म्हणजे मुलीला पाकीट रिकामं होताना दिसेल. सात आठवडे. बंद करण्याआधी बाटलीचं झाकण उघडत नव्हतं, खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागत होतं. सुरू करताना सांधे धरतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे कॅन्सर हाडांत गेला असंच मी मनात पक्कं केलं होतं. तपासणीला गेले, ‘गोळ्या नियमित चालू ना?’ असं विचारलं, आणि मी ‘हो’ म्हणाले. त्या ‘हो’ने मला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून खरं सांगितलं. मला रागावतील असं वाटलं होतं. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, ‘बंद केल्यावर दुखणं कमी झालं का?’ झालं होतं. म्हणजे ते गोळीचंच होतं, हाडांतला कॅन्सर नव्हता. सात आठवडे मी ज्या भीतीने मरत होते ती एका फोनने गेली असती.

या गोळ्यांवरच्या जवळजवळ निम्म्या बायकांना सांधेदुखी होते. बोटं, मनगटं, गुडघे, बहुधा दोन्ही बाजूंना, सकाळी जास्त, हालचाल केली की सैल होणारी. एकाच ठिकाणी खोलवर दुखत असेल, रात्री जागं करत असेल, आठवड्यागणिक वाढत असेल, तर ते वेगळं. तेव्हा पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

उपाय आहेत. डॉक्टर कधीकधी दोनतीन आठवडे गोळी थांबवून दुसरी सुरू करतात. तिन्ही गोळ्यांचं काम एकच असलं तरी एक सोसली नाही म्हणून दुसरी सोसणार नाही असं नसतं. अ‍ॅनास्ट्रोझोल न सोसलेल्यांना लेट्रोझोल देऊन बघितलं, तर सहा महिन्यांनंतर दहापैकी सातजणी ती घेत होत्या. मला एक्सेमेस्टेन दिली. ती जेवणानंतर घ्यायची असते. दुखणं गेलं नाही, पण झाकण उघडायला लागलं. तिन्ही जमल्या नाहीत तर टॅमॉक्सिफेन आहेच. तिच्यात रक्ताची गुठळी आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर यांचा धोका बघावा लागतो.

सगळ्यात जास्त उपयोग मला व्यायामाचा झाला, आणि दुखत असताना हे ऐकून राग येतो हेही मला माहीत आहे. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा वजनं उचलणं, असं वर्षभर केलेल्या बायकांच्या वेदना सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचा अभ्यास आहे. मी दहा मिनिटांपासून सुरुवात केली. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघडझाप करायची, मगच दिवस सुरू. ड्युलॉक्सेटिन नावाचं वेदनेवरचं औषधही काहींना देतात, त्याबद्दल विचारून बघा.

हाडांचं मात्र दुखायची वाट बघू नका, कारण ती गुपचूप ठिसूळ होतात. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला नसेल तर मागून घ्या. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि गरज असेल तर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड हे हाडं जपणारं इंजेक्शन, हे त्यावर ठरतं. त्या इंजेक्शनआधी दात दाखवून घ्या. कोलेस्टेरॉलवरही लक्ष ठेवतात.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगते. योनीचा कोरडेपणा, लघवीची जळजळ, जवळीक नकोशी होणं, हे सगळं याच गोळीने होतं आणि आपण बोलत नाही. हार्मोन नसलेली जेल आणि मॉइश्चरायझर मिळतात. इस्ट्रोजेनचं क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

एखादा दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, नेहमीची एकच घ्या.

उद्या फोन कराल तेव्हा नुसतं ‘दुखतं’ म्हणू नका. सकाळी किती वेळ मूठ वळत नाही, कोणती कामं सुटली, रात्री किती वेळा उठता, हे कागदावर लिहून वाचून दाखवा. आणि मध्ये गोळ्या चुकल्या असतील तर तेही सांगा. माझी शेवटची गोळी घेऊन चौदा महिने झाले. बोटं मोकळी झाली आहेत, उजव्या अंगठ्याचा सांधा अजून थोडा धरतो. हे सगळं मी त्याच हाताने टाइप केलं आहे.