आधी उंची, मग टायर, रिम सगळ्यात शेवटी

प्रश्न: माझ्याकडे 2013 ची टोयोटा जीटी86 आहे, स्प्रिंग बदलून साधारण 35 एमएम खाली केलीय. चाकं अजून कंपनीचीच, 17 इंची, आणि आता ती फारच आत गेल्यासारखी दिसतात. मला 18 बाय 9.5, ऑफसेट +38 असा एक सेट आवडलाय. दुकानदार म्हणतो मडगार्डची कड आतून वळवून घेऊ, वर 215/40 टायर ताणून बसवू, कुठे घासणार नाही. घेऊ का?

उत्तर: त्या टायरसोबत तर अजिबात नको. आणि नुसतं रिम घ्यायचं म्हटलं तरी अजून तुम्ही त्या टप्प्यावर आलेला नाहीत, का ते सांगतो.

आधी हिशेब करू, कागद घेऊन बसा. तुमचं कंपनीचं रिम 7 इंच रुंद, ऑफसेट +48, म्हणजे रिमची हबवर (चाक ज्याला बसतं तो मधला भाग) टेकायची जागा रिमच्या मध्यरेषेपासून 48 एमएम बाहेर. 7 इंच म्हणजे 177.8 एमएम, त्याचं निम्मं 88.9. रिम हबवर जिथे टेकतं तिथून मोजलं तर बाहेरची कड 88.9 वजा 48, म्हणजे 40.9 वर, आणि आतली कड 88.9 अधिक 48, म्हणजे 136.9 वर. हेच 9.5 इंच आणि +38 ला करा, बाहेर 82.65 आणि आत 158.65 येतं. म्हणजे नवीन चाक बाहेर जवळजवळ 42 एमएम सरकणार आणि आत स्ट्रटच्या (शॉक अब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा उभा खांब) दिशेने आणखी 22 एमएम घुसणार. बाहेरचं डोळ्यांना दिसतं म्हणून सगळे तेवढंच बोलतात, आतले 22 एमएम कोणी विचारतच नाही, आणि टायर स्ट्रटला घासायला लागला तर ते बाहेरून कळतही नाही, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, आतून सोलत जाते.

आता टायर. 215/40आर18 म्हणजे 215 एमएम रुंद, साइडवॉल त्या रुंदीच्या 40 टक्के, रिम 18 इंची. त्यासाठी मान्य रिम रुंदी 7 ते 8.5 इंच आहे. 9.5 म्हणजे अख्खा एक इंच बाहेर. असा ताणलेला टायर रिमच्या कडेला जेमतेम धरून असतो, हवा थोडी कमी झाली आणि चाक खड्ड्यात आपटलं की कड सुटू शकते, आणि रिमची कड तर उघडीच, फुटपाथला लागली की गेली. घासू नये म्हणून टायर ताणायचा हा उपायच मला पटत नाही, चाक गाडीला बसत नसेल तर चाक बदला ना! शिवाय लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, बघा. तुमच्या मूळ 215/45आर17 वर 87 लिहिलंय, म्हणजे एका टायरला 545 किलो. साध्या 215/40आर18 ला 85 असतो, म्हणजे 515 किलो. मूळ आकड्याच्या खाली कधीच जाऊ नका. एक्सएल (जास्त वजन पेलणाऱ्या) टायरमध्ये 89 मिळतो पण त्याला हवेचं प्रेशर थोडं जास्त ठेवावं लागतं.

मग करायचं काय? गाडीची उंची आधी पक्की करा, स्प्रिंग नवीन असतील तर काही दिवस चालवून त्या बसू द्या. मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), कारण कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलला की टायरचा वरचा भाग आत-बाहेर सरकतो आणि आधी घेतलेली मापं वाया जातात. त्यानंतरच मोजायला बसा, आणि कृपा करून उभ्या गाडीत दोन बोटं घालून मोजू नका. चाक घासतं ते सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर, स्टिअरिंग वळलेलं असताना. मेकॅनिककडून स्ट्रटमधली स्प्रिंग काढून घ्या (कंप्रेसर लागतो, घरी नको), बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकतं ते रबर) तसाच ठेवा, अँटी रोल बारची (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) लिंक सोडा, गाडी स्टँडवर घ्या आणि जॅकने हब वर उचलत न्या, बंप स्टॉप दबेपर्यंत. आता स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जिथे शंका वाटते तिथे मातीचा, म्हणजे मुलं खेळतात त्या क्लेचा, गोळा चिकटवा, दबल्यावर त्याची जेवढी जाडी उरली तेवढीच तुमची जागा. आत स्ट्रटपाशी निदान 5 एमएम राहू द्या, बाहेर त्याहून थोडं जास्त, वळणावर टायर वाकतो.

पुढे आणि मागे दोन्हीकडे हे करा. तुमच्या गाडीला मागे डबल विशबोन (वर-खाली दोन आर्मचं सस्पेन्शन) आहे, चाक वर जाताना त्याचा माथा आत झुकतो, म्हणून मागे बऱ्यापैकी रुंद चाक खपून जातं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, तिथे तेवढं झुकत नाही, वर स्टिअरिंगही फिरतं, त्यामुळे बहुतेक वेळा पुढचंच आधी घासतं.

मला विचाराल तर 17 बाय 8, +40 च्या आसपास, आणि 225/45आर17 टायर. बाहेर साधारण 21 एमएम येतं, आत फक्त 5, म्हणजे आत गेलेलं दिसणं बरंचसं जातं. टायरचा व्यास 625 वरून 634 एमएम होतो, फरक दीड टक्क्यापेक्षा कमी. 18 च हवं असेल तर 8.5, +45 आणि 225/40, पण साइडवॉल 101 वरून 90 एमएमवर येते, आणि खाली केलेल्या गाडीत सस्पेन्शनची हालचाल आधीच कमी असते, तिथे ते 11 एमएम मला द्यायला जड जातात. मडगार्डची कड वळवणं वाईट नाही, पण मोजल्यावर दोनचार एमएम कमी पडले तरच.

प्रश्न: सुबारू बीआरझेडला नवीन रिम आणि 5 एमएमचे स्पेसर (हब आणि रिममध्ये बसणाऱ्या चकत्या) टाकले. 90 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग करूनही फरक नाही.

उत्तर: सेंटर बोअर, म्हणजे रिमच्या मधलं भोक, बघा. तुमच्या हबचा व्यास 56.1 एमएम, बाजारात मिळणाऱ्या रिमचं भोक बहुतेक 73.1 असतं, मधली फट भरायला रिंग हवी. रिंग असेल तरी स्पेसरमुळे हबची कड रिमपर्यंत पोचत नसेल, म्हणून स्वतःची कड असलेलाच स्पेसर घ्या. आणि नट किती आटे धरतो ते मोजा, स्टड (ज्यावर नट बसतो तो बोल्ट) 12 एमएमचा, दोन आट्यांत 1.25 एमएम अंतर, तेव्हा निदान दहा पूर्ण फेरे बसायलाच पाहिजेत. कमी बसत असतील तर गाडी चालवू नका, आधी स्पेसर काढा. नट कसताना चाक हवेत ठेवा, समोरासमोरचे नट आळीपाळीने घ्या, शेवटचा टॉर्क जमिनीवर, आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर परत तपासा.

प्रश्न: गाडी खाली केल्यापासून टायर आतून झिजतात. कॅम्बरच ना?

उत्तर: बरेचदा टो असतो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं. टायरवरून तळवा आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवा (चाक थंड असताना). एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं हाताला लागलं तर टो बिघडलाय, आणि तो कॅम्बरपेक्षा कितीतरी लवकर टायर खातो. दोन्हीकडून गुळगुळीत पण आतली कड पातळ झाली असेल तर कॅम्बर. अलाइनमेंटला गेलात की चारही चाकांचा रिपोर्ट मागा, आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्याएवढं वजन ठेवून मोजायला सांगा.