‘कोअर्स फिशिंग’चं मराठीत काय करायचं?

इंग्लंडमधल्या एका हौशी माणसाच्या टिपणाचं भाषांतर करणाऱ्या मैत्रिणीने विचारलंय: नदीवर गळ टाकून बसणारा हा गृहस्थ ‘कोअर्स फिशिंग’चा नवा हंगाम कधी एकदा सुरू होतोय याची वाट बघतोय. ‘खडबडीत मासेमारी’ चालेल? आणि त्याआधीच्या ‘क्लोज सीझन’ला ‘भाकड काळ’?

दोन्ही नको. मासा खडबडीत नाही, आणि ‘मारी’ तर अजिबातच नाही. ही मंडळी धरलेला मासा बहुतेक वेळा हलकेच परत पाण्यात सोडतात. कोकणात गळाला ‘गरी’ आणि गळाने मासे धरण्याला ‘गरवणं’ म्हणतात. देशावरच्या वाचकाला तो शब्द एकदा समजावून सांगावा लागेल, तेवढी तसदी घ्यावी.

आता ‘कोअर्स’. तिकडे गोड्या पाण्यातल्या माशांच्या दोन जाती पाडल्यात. सॅमन-ट्राउट हे मानाचे. रोच, ब्रीम, टेंच, पर्च, बार्बेल वगैरे उरलेले सगळे ‘कोअर्स’. ही विभागणी शास्त्राची वाटत असेल तर ग्रेलिंग बघा. तो सॅमनच्याच कुळातला, पाठीवरच्या परामागे तसाच इवलासा मांसल पर मिरवणारा, पण त्याचा हंगाम धरतात कोअर्स माशांबरोबर! शब्दही मुळात ‘नेहमीचा, साधा’ अशा अर्थाचा असावा. खरखरीतपणा त्याला मागाहून चिकटला. आपल्याकडे ज्वारी-बाजरीला ‘भरडधान्य’ म्हणतात, त्यातही धान्याच्या पोतापेक्षा खाणाऱ्याची पायरीच जास्त दिसते. म्हणून मी ‘भरड मासे’ म्हणेन. कानाला जरा खटकतं, पण खटकायलाच हवं.

‘भाकड’ म्हणजे न दुभणारी, न व्यायलेली. इथे तर नेमकं उलट आहे. १५ मार्च ते १५ जून नदीवर गळ टाकायचा नाही, कारण तो माशांच्या विणीचा काळ. १८७८ च्या कायद्यापासूनची ही बंदी. तो कायदा शेफील्डचे खासदार मुंडेला यांच्या नावाने ओळखतात. बहुतेक तळ्यांवरची बंदी १९९५ मध्ये उठली, नद्यांवरची अजून आहे. तेव्हा सरळ ‘विणीची बंदी’ म्हणावं.

राहिलं वाट बघणं. ‘आतुरतेने प्रतीक्षा’ लिहिलंत तर निमंत्रणपत्रिका होईल. मराठीत यासाठी बेतून शिवल्यासारखा शब्द आहे: वेध. ग्रहणाआधीचे काही प्रहर वेधाचे. आमची आजी तेव्हा पाण्याच्या कळशीत तुळशीचं पान टाकायची, चूल गार असायची, आणि आम्ही पोरं सारखी अंगणात जाऊन आभाळ बघायचो. म्हणजे वेधात मनाई आणि ओढ एकाच वेळी असते. या गृहस्थाचंही तेच. तीन महिने गळाला हात लावायचा नाही, आणि डोक्यात दुसरं काही नाही. १५ जूनच्या रात्री काहीजण काठावर घड्याळ बघत बसलेले असतात, बाराचा ठोका पडला की पहिला गळ पाण्यात.

तुमचं वाक्य मी असं करेन: ‘विणीची बंदी संपत आली, मला १६ जूनचे, भरड मासे गरवायचे वेध लागलेत.’ ‘गरवायचे’ला तळटीप द्या, ‘वेध’ला नको.