कंपनीचा कपडेपट हॉलंडमध्ये राहिला

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॅलेवर दिवाळी अंकासाठी लेख लिहिणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या लिहितात: "‘जर्मन आक्रमणामुळे कंपनीला आपली वेशभूषा हॉलंडमध्येच सोडून यावी लागली’ हे माझे वाक्य मलाच खटकते आहे, पण का ते सांगता येत नाही. वेशभूषा चुकले का? पोशाख म्हणू की वस्त्रप्रावरणे? आणि टूटूला (बॅले नर्तकीच्या जाळीच्या घेराला) घागरा म्हटले तर चालेल का?"

ताई, तुमचा कान बरोबर आहे. वेशभूषा सोडून येता येत नाही, कारण ती वस्तू नव्हे. ‘भूषा’ म्हणजे सजवणे. वेशभूषा ही करायची गोष्ट आहे किंवा अंगावर दिसायची. नाटकाच्या जाहिरातीत ती नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांच्या ओळीत बसते आणि तिच्यापुढे माणसाचे नाव येते. ट्रंकेत बसते ते निराळे, आणि त्याला आपल्या रंगभूमीने चांगला शब्द करून ठेवला आहे: कपडेपट. नाटकाचे सगळे कपडे, ते ज्यात भरतात त्या ट्रंका आणि ते सांभाळणारे खाते, एवढे सगळे त्या एका शब्दात येते. जोडीला रंगपट आहेच, तोंडाला रंग लावायची खोली.

हौशी नाटकांच्या दिवसांत माझ्याकडे हेच खाते असायचे. एकदा स्पर्धेच्या गावी उतरल्यावर लक्षात आले की एक ट्रंक एसटीच्या टपावरून खाली उतरवलीच नाही आणि गाडी पुढे गेली. तेव्हा सगळ्यांच्या तोंडून "अरे, कपडेपट राहिला!" हेच निघाले. "वेशभूषा राहिली" असे कोणी म्हणाले असते, तर त्याचा अर्थ नट तयार झाले नाहीत असा झाला असता. (ट्रंक रात्री परत आली. तोवर आमच्या राजाने नेहरू शर्टावर तालीम केली.)

आता तुमच्या वाक्यातला प्रसंग. निनेट द व्हॅल्वा यांची, लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरची बॅले कंपनी, म्हणजे आजची रॉयल बॅले, मे १९४० मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या पुढाकाराने हॉलंडच्या दौऱ्यावर गेली होती. नर्तकी मार्गो फाँटेन, नर्तक रॉबर्ट हेल्पमन, नृत्यरचनाकार फ्रेडरिक ॲश्टन, संगीताची बाजू सांभाळणारे कॉन्स्टंट लँबर्ट असे सगळे बरोबर. ९ मेला जर्मन सरहद्दीजवळच्या आर्नेममध्ये प्रयोग करून मंडळी रात्री हेगला परतली आणि १० मेच्या पहाटे जर्मनांनी हल्ला केला. पुढे आयमाउडन बंदरातून मालवाहू जहाजाच्या तळात बसून ती इंग्लंडला पोचली, जवळजवळ अंगावरच्या कपड्यांनिशी. मागे राहिले ते सहा बॅलेंचे सामान: पडदे, देखावे, कपडे आणि वाद्यवृंदाच्या स्वरलिप्या. त्यांतल्या ‘हॉरोस्कोप’ची संपूर्ण स्वरलिपी कायमची गेली आणि १९३८ चा तो बॅले पुन्हा उभा राहिला नाही.

वेशभूषा आणि कपडेपट यांतला फरक नेमका कुठे येतो, ते त्याच सहांतल्या ‘चेकमेट’वरून दिसेल. बुद्धिबळाच्या पटावरचा हा बॅले १९३७ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा झाला. त्याची वेशभूषा एडवर्ड मॅकनाइट कॉफर या चित्रकाराची. हॉलंडमध्ये त्याचा कपडेपट गेला. १९४७ मध्ये बॅले पुन्हा आणायचा ठरला तेव्हा कॉफर यांनीच नव्याने वेशभूषा केली. एकाच वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी हवेत: कपडेपट गेला म्हणून वेशभूषा नव्याने करावी लागली. इंग्रजीत दोन्हीकडे ‘कॉस्च्यूम्स’ हा एकच शब्द येतो. गोंधळ तिथला आहे, तुमचा नाही.

‘पोशाख’ एका पात्राचा किंवा एका नगाचा. फाँटेनचा पोशाख म्हणा, कंपनीचा पोशाख म्हणू नका; कंपनीचा पोशाख म्हटले की बँडवाल्यांचा गणवेश डोळ्यांपुढे येतो. ‘वस्त्रप्रावरणे’ कीर्तनात शोभतात.

तुम्ही विचारले नाही तरी एक सांगतो. ‘नेपथ्य’ आज आपण फक्त देखाव्यांसाठी वापरतो. संस्कृतात मात्र नेपथ्य म्हणजे मुळात नटाचा साजशृंगार, आणि तो चढवायची पडद्यामागची जागा. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाला, म्हणजे बाहेरून चढवलेल्या साजातून होणाऱ्या अभिनयाला, ‘नेपथ्यज विधी’ म्हटले आहे आणि त्यात वेश, अलंकार, रंगवणे, रंगमंचावरच्या कृत्रिम वस्तू असे सगळे येते. त्या हिशेबाने पाहिले तर हॉलंडमध्ये कंपनीचे ‘नेपथ्य’ राहिले असे म्हणणे फार अचूक ठरले असते. पण आजच्या वाचकाला त्यातून फक्त पडदे आणि लाकडी चौकटी दिसतील. गेलेला अर्थ परत आणायचा हट्ट मी धरणार नाही.

तुमच्या मजकुरात पुढे ‘कपड्यांचे शिधावाटप’ आले आहे, ते आधी काढा. शिधा म्हणजे कोरडे धान्य, डाळ, तांदूळ, पीठ. शिध्याचे कपडे कसे होतील? आपल्याकडेही त्याच युद्धात कापड मोजून मिळू लागले तेव्हा लोक सरळ ‘कंट्रोलचे कापड’ म्हणाले. तुम्ही ‘कपड्यांचे रेशनिंग’ लिहा, आणि ‘कूपन’ तसेच राहू द्या. ब्रिटनमध्ये ते १ जून १९४१ ला सुरू झाले, पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने होती आणि हे सगळे १९४९ पर्यंत चालले. म्हणजे युद्ध संपले तरी कूपने संपली नव्हती. २० फेब्रुवारी १९४६ ला लंडनमधले कॉव्हेंट गार्डनचे ऑपेरा हाउस पुन्हा उघडले, तेही युद्धात लोकांच्या नाचाचा हॉल म्हणून वापरून झालेले. त्या रात्री याच कंपनीचा ‘स्लीपिंग ब्यूटी’ झाला. दरबार, पऱ्या, राजकन्येचा वाढदिवस असा कापड खाणारा बॅले, आणि कापड कूपनावर! श्रेयनामावलीत वेशभूषा ऑलिव्हर मेसेल यांची आहे आणि ती वाखाणली गेलीही. कपडेपट मात्र मिळेल त्या कापडातून ज्यांनी शिवून उभा केला, त्या शिवणकाम करणाऱ्या बायका. इथे दोन शब्द वेगळे ठेवले की श्रेयही आपोआप वेगळे होते.

‘नृत्य सादरीकरणे’ही नकोत. सादर करणे चांगले, सादरीकरण सरकारी. बॅलेचा प्रयोग होतो. जुन्या कंपन्या ‘खेळ’ लावायच्या; तुमची लेखणी त्या वळणाची असेल तर तेही चालेल. बॅलेला ‘नृत्यनाट्य’ करू नका. १९४४ मध्ये अंधेरीला इप्टाचे, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनचे, पथक नृत्यरचनाकार शांती बर्धन यांच्याबरोबर काम करत होते, निदान तेव्हापासून आपल्याकडे भारतीय अंगाच्या रचनांनाही बॅलेच म्हणतात. शब्द आपला झालेला आहे.

राहिला टूटू. घागरा नको, कारण घागरा खाली पडतो आणि टूटू आडवा उभा राहतो. जाळीचे दहा-बारा थर एकावर एक टाचून तो कंबरेपासून ताटासारखा पसरवतात. जाळीच मिळत नसली की टूटूची पंचाईत का होते, ते या थरांवरून कळेल. शब्द फ्रेंच आहे आणि मूळ थोडे चावट: तिकडची लहान मुले पार्श्वभागाला ज्या लाडिक नावाने हाक मारतात, त्यावरून तो आला असे मानतात. भाषांतर करायला गेलात तर संपादक कापतील. टूटूच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘जाळीचा आखूड, ताठ घेर’ एवढे जोडा.

लिंगाचा प्रश्न तुम्ही नक्की विचाराल. मी तो टूटू म्हणतो, तो चाकू, तो तंबू या चालीवर. मग अनेकवचनात रूप बदलत नाही: दोन चाकू, दोन टूटू. आणि टूटूचा, टूटूला. नपुंसकलिंग घेतलेत तर तट्टू-तट्टे, वासरू-वासरे या वाटेने ‘कंपनीची सगळी टुटे हॉलंडमध्ये राहिली’ असे लिहावे लागेल, आणि इतक्या वाईट प्रसंगी वाचक हसेल.